डॅशबोर्ड हिरवा, पण रुग्ण कुठे आहे?

"डॉक्टर, सगळ्या तपासण्या लिहून द्या," असं दवाखान्यात रोज कुणीतरी म्हणतं. मी आधी विचारतो, "त्रास काय होतोय?" रिपोर्ट पाहून उपचारात काही बदल होणार नसेल, तर ती तपासणी कशाला? डॅशबोर्डचंही तसंच आहे.

डॅशबोर्ड म्हणजे गाडीच्या काट्यांसारखी, महत्त्वाचे आकडे एका नजरेत दाखवणारी संगणकाची पाटी. दुकानाची विक्री, पतसंस्थेची वसुली, जिल्ह्याचं आरोग्य, काहीही त्यावर मांडता येतं. आपला वाशिम जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आहे. त्यात आरोग्य, शिक्षण, शेती अशा पाच विषयांतले ४९ निर्देशक मोजले जातात.

काही वर्षांपूर्वी काही तरुण इंजिनिअर गरोदर मातांसाठी डॅशबोर्ड बनवत होते. "तुम्हाला काय काय हवं?" असं त्यांनी मला विचारलं. मीही रुग्णांसारखंच केलं. वीस-बावीस गोष्टींची यादी दिली आणि त्यांनी ती सगळी पडद्यावर आणली. जऊळक्याच्या एका आशाताईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, आज कोणाच्या घरी जाऊ, हे याच्यात कोठी दिसते?"

मी गप्प झालो. महिन्याभरापूर्वीच पहिलटकरीण असलेली एक मुलगी धापा टाकत माझ्याकडे आली होती. हिमोग्लोबिन ६.२. गरोदरपणात ते ७ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय समजतात. त्यात बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. तिची तपासणी आधी झालेली होती, नोंदही होती. पण नोंदीत मोजलं जात होतं ते "तपासणी झाली का?" एवढंच. रिपोर्ट काय आला, हे पुढे कुणाला दिसतच नव्हतं. त्यात ती बाळंतपणासाठी माहेरी आलेली, म्हणजे सासरच्या यादीत नाव आणि माणूस इथे. तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं, रक्त चढवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिले. पण आमचा नवा डॅशबोर्डही तिला असाच हिरव्या गोलात लपवणार होता.

इथे चूक फक्त इंजिनिअरची नव्हती. "काय हवं?" विचारलं की आपण सगळं मागतो. खरी गरज वापरताना कळते. शिवाय एकाच पाटीकडे पाहणारे अनेक असतात. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला मागे पडलेला तालुका हवा, वैद्यकीय अधिकाऱ्याला उपकेंद्र हवं, आशाताईंना नाव हवं. तिघांना एकच पडदा देणं म्हणजे तीन रुग्णांना एकच गोळी देण्यासारखं.

मग आम्ही कागदावर पेन्सिलीने कच्चं चित्र काढून आशाताईंसमोर ठेवलं. त्यांनी खोडलं, आम्ही बदललं. असं चारदा झालं. शेवटी त्यांच्यासाठी एकच यादी उरली: ज्यांचं हिमोग्लोबिन सर्वांत कमी त्यांची नावं वर, शेजारी फोन नंबर आणि माहेरचं गाव. तीही छापून, कारण रेंजचा भरवसा नाही.

तुम्ही दुकानासाठी किंवा संस्थेसाठी डॅशबोर्ड करून घेणार असाल, तर प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारा: हा पाहून उद्या सकाळी कोण, काय वेगळं करणार? उत्तर नसेल, तर तो आकडा काढून टाका.