लिंक कोणी दिली, कशाला दिली

साइट्स गूगलच्या शोधात वर आणायचं माझं काम. नवा क्लायंट आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आपल्या साइटला बॅकलिंक्स, म्हणजे इतर साइट्सवरून येणाऱ्या लिंक्स, किती?’ दुसरा त्याहून ठरलेला: ‘आणि त्या अमक्याच्या साइटला?’ मी आकडा सांगून टाकतो, सांगितल्याशिवाय सुटका नसते. पण हा आकडा म्हणजे स्थळाच्या बायोडेटावरचं पॅकेज. खोटा असेलच असं नाही, तरी तेवढ्यावर कोणी मुलगी देत नाही. चौकशी करावी लागते. उठबस कोणात आहे, वाण्याकडे उधारी किती, आधीचं लग्न का मोडलं.

चौकशी टाळायची सोय मात्र बाजारात भरपूर. मोझचा डीए, अहरेफ्सचा डीआर, मॅजेस्टिकचा ट्रस्ट फ्लो. शंभरपैकी गुण देणारे हे आकडे त्या त्या कंपनीचे अंदाज आहेत, गूगल ते वापरत नाही. गूगलचा स्वतःचा आकडा पूर्वी टूलबारच्या हिरव्या पट्टीवर दिसायचा आणि त्या पट्टीवर लिंक्सचे भाव ठरायचे. २०१६ मध्ये गूगलने ती पट्टी बंद केली. भाव ठरवणारे थांबले नाहीत, त्यांनी दुसरी पट्टी धरली.

मध्यंतरी देवगडच्या एका आंबा बागायतदाराचं काम आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, साइट त्यानेच केलेली, पेट्या थेट घरपोच. आधी कोणाकडून तरी त्याने लिंक्सचं वार्षिक पॅकेज घेतलं होतं. यादी डीआरप्रमाणे लावली तर सगळ्यात वर एकाहत्तर गुणांची परदेशी साइट. उघडली. मेनूत आरोग्य, क्रिप्टो, पाळीव प्राणी, घरसजावट आणि ‘आमच्यासाठी लिहा’. आपल्या मुलाची लिंक होती कुत्र्यांना कोणती फळं चालतात या लेखात. तिसऱ्या परिच्छेदात ‘बेस्ट अल्फान्सो मँगो ऑनलाइन’ हे शब्द निळे. पुढच्या परिच्छेदात सिडनीचा प्लंबर, त्याखाली सट्ट्याची साइट. लेखकाचं नाव नाही. वेबॅक मशीनवर त्याच पत्त्याची जुनी पानं काढली, तर तिथे एका अमेरिकन गावातल्या गायनमंडळाचं वेळापत्रक. मंडळाने डोमेनचं नूतनीकरण सोडलं, कोणीतरी ते उचललं आणि जुन्या पुण्याईवर दुकान मांडलं. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत हा प्रकार नावानिशी आहे.

यादीच्या तळाशी, सहा गुणांवर, ठाण्यातल्या एका बाईंचं आंबापोळीच्या कृतीचं पान होतं. त्यात त्यांनी लिहिलं होतं: गेल्या वर्षी या बागवाल्यांकडून पेटी मागवली, दोन फळं डागी निघाली, फोन केल्यावर कुरकुर न करता बदलून दिली. ‘या बागवाल्यांकडून’वर लिंक. पैसे घेऊन लिहिणारा माणूस दोन डागी फळं कधीच लिहीत नाही. ॲनालिटिक्समध्ये पाहिलं, तर एप्रिलमध्ये त्या पानावरून लोक खरंच आले होते आणि भाव पाहून गेले होते. कुत्र्याच्या लेखावरून कोणीही नाही.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये जे शोधयंत्र उभारलं, म्हणजे पुढचं गूगल, त्याचं सुरुवातीचं नावच बॅकरब होतं. कल्पना विद्यापीठी वळणाची: ज्या निबंधाचा हवाला इतर अभ्यासक देतात, तो वजनदार. त्यातही वजनदार निबंधाने दिलेल्या हवाल्याला जास्त किंमत. या कल्पनेवर बेतलेल्या पेजरँकच्या मूळ गणितात पानाचं वजन त्यावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंक्समध्ये वाटलं जातं, म्हणजे चारशे लिंक्सच्या पानावरून वाट्याला चारशेवा हिस्सा. आज गूगल त्यापलीकडे कितीतरी गोष्टी पाहतं, पण पान उघडल्यावर आधी बाहेर जाणाऱ्या लिंक्स मोजायची माझी सवय तिथलीच. लिंक मजकुराच्या पोटात आहे की तळाच्या पट्टीत, हे त्यानंतर.

आणि मग अँकर टेक्स्ट. खऱ्या लिंकवरचे शब्द गबाळे असतात: दुकानाचं नाव, नुसता पत्ता, ‘इथे बघा’. आपल्या मुलाच्या यादीत निम्म्याहून जास्त ठिकाणी तोच ‘बेस्ट अल्फान्सो’. इतकी माणसं एकमेकांना न विचारता एकच वाक्य बोलत नाहीत. जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं प्रकरण इथेच उघडं पडलं. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं, की घोरणं, मासेमारी, दंतवैद्य, बाथरूमच्या टाइल्स अशा विषयांच्या साइट्सवर त्यांच्या कपड्यांच्या लिंक्स पेरलेल्या आहेत. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं कंपनी म्हणाली. गूगलने हाताने कारवाई केली आणि सॅमसोनाइटच्या सामानाच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली कंपनी दोन तासांत एकाहत्तराव्यावर गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गूगलचं पेंग्विन नावाचं अपडेट आलं आणि हेच काम यंत्र करू लागलं.

पेंग्विनच्या काळात लोकांनी घाबरून चांगल्या लिंक्सही नाकारल्या. त्या भीतीवर आजही काही जणांचं पोट चालतं; ‘विषारी लिंक्स’चा लाल अहवाल काढून सफाईचं बिल लावतात. २०१६ पासून पेंग्विन खोट्या लिंकचं वजन फक्त शून्य करतं. पॅकेज कोणी मोठ्या प्रमाणावर विकत घेतलं नसेल आणि गूगलची नोटीस नसेल, तर त्या कचऱ्याला मी हात लावत नाही. नोफॉलोचंही, म्हणजे ‘हिचं वजन धरू नका’ अशी गूगलसाठी खूण केलेल्या लिंकचंही, तसंच. वर्तमानपत्राने बातमीत नाव घेतलं, पण लिंक नोफॉलो निघाली, म्हणून हिरमुसणारे क्लायंट मी पाहिलेत. बातमी वाचून गिऱ्हाईक यायचं ते येतंच.

मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या: पॅकेजचे पुढच्या वर्षीचे पैसे भरू नकोस, आणि आंबा महोत्सव, कृषी महाविद्यालय असे जे जे बाबांना ओळखतात त्यांच्या पानांवर आपलं नाव नुसतं, लिंकशिवाय पडलंय का ते शोध. त्याला मात्र ठाण्याच्या बाई सापडल्या होत्या. ‘त्यांना ते शब्द बदलून बेस्ट अल्फान्सो करायला सांगू? एक पेटी फुकट पाठवतो.’ मी म्हटलं, लिंकच्या बदल्यात वस्तू दिली की ती गूगलच्या लेखी विकतचीच लिंक, आणि ‘या बागवाल्यांकडून’ याच्याइतकं चांगलं तुला कोणी लिहून देणार नाही. पाठवायचीच असेल तर काही न मागता पाठव.

त्याने घरी विचारलं. बाबा म्हणाले, मार्चचा आंबा फुकट वाटायला आपण काय वेडे आहोत का? मे महिन्यात बघू.