पेठेतला फुटबॉल आणि भाच्याची वही

कोल्हापूरला जाऊन आलो असे सांगितले की लोक पहिला प्रश्न तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा विचारतात आणि दुसरा अंबाबाईच्या दर्शनाचा. ह्या खेपेला माझ्याजवळ दोहोंचे उत्तर होते. पण सांगावयाचे आहे ते तिसऱ्याच गोष्टीविषयी.

माझी बहीण शिवाजी पेठेत राहते. रविवारी दुपारी जेवून जरा आडवा होतो न होतो, तोच भाचा दारात उभा. "मामा, उठा. मॅच आहे." दाजींनी कपडे चढवले होते आणि दाजींचे वडील, म्हणजे आबा, काठी घेऊन पायरीवर बसले होते. घरात नाही म्हणण्याची सोय नव्हती.

कोल्हापूर कुस्तीचे गाव, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. परंतु ह्या गावाने फुटबॉललाही तालमीतच वाढवले, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावे ऐकून एखाद्याला लाल माती आठवेल. पण ते फुटबॉलचे संघ आहेत. त्यांच्याच जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस फुटबॉल क्लब. संघ पेठेचा, म्हणून हार-जीतही पेठेची. ह्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा गावाने ते घरचेच कार्य मानले.

छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. भाच्याने खिशातून वही काढली. पानावर रकाने आखलेले होते आणि चेंडू कुणी हिसकावला, कुणी गमावला, कितव्या मिनिटाला, ह्याच्या खुणा तो भराभर करू लागला.

"हा पोरगा मॅच बघत न्हाई, हिशेब लिहितो," आबा म्हणाले. "अरं, फुटबॉल काय वाण्याचं दुकान हाय?"

कोणत्या दोन पेठांचा सामना होता ते मी सांगत नाही. कोल्हापूरला मला पुन्हा जायचे आहे. एवढेच सांगतो की आमचा संघ शेवटच्या पाच मिनिटांत एका गोलने हरला. तो गोल झाला आमच्याच गल्लीतल्या एका पोराच्या पायाखालून. मधल्या फळीत खेळणारा, विशी-बाविशीचा मुलगा. चेंडू त्याच्या बाजूने निसटला आणि सगळी पायरी त्याच्या नावाने ओरडू लागली.

रात्री गंगावेशीला दूध प्यायला गेलो. म्हशी समोर उभ्या, धार थेट पेल्यात आणि वर फेस. तिथे सामन्याचा निकाल पुन्हा एकदा लागला. त्या मुलाला संघातून काढा, असे बहुतेकांचे मत पडले. भाच्याने वही उघडली. "एकोणीस वेळा चेंडू हिसकावलाय त्याने. दोन्ही संघांत इतका कुणीच नाही. आणि काढायचा तोच?"

"आकड्यांनी गोल होतात व्हय?" दाजी म्हणाले. "ते जपान-स्पेन आठव की."

दाजींचा मारा बिनतोड होता. १ डिसेंबर २०२२ रोजी विश्वचषकात जपानने स्पेनला २-१ असे हरवले, तेव्हा चेंडू जपानच्या ताब्यात १८ टक्क्यांहूनही कमी वेळ होता. २०१४ साली जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे लोळवले, त्या दिवशीही गोलाकडे फटके ब्राझीलनेच अधिक मारले होते. विश्वचषक आला की ज्या गावात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक चौकाचौकांत लागतात, तिथे हे कुणाला आठवण करून द्यावे लागत नाही.

मला तेव्हा चार्ल्स रीप नावाचा इंग्रज आठवला. हा विमानदलातला हिशेबनीस. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन गावी सामना पाहताना कंटाळून त्याने उत्तरार्धात वही-पेन्सिल काढली आणि पुढे आयुष्यभर सामने टिपले. त्याच्या टिपणांत सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून झालेले दिसले. म्हणून त्याने सांगितले, पास कमी करा, चेंडू लांब मारा. पुष्कळांनी ते ऐकले. पण मुळात ९० टक्क्यांहून अधिक चालीच तेवढ्या आखूड असत, हे लक्षात कोण घेतो?

मंडळींना ते पटेना, म्हणून मी हातातला पेला पुढे केला. "समजा, इथे येणाऱ्या शंभरांतले नव्वद जण दूध पितात आणि दहा जण नुसते गप्पा मारतात. उद्या शंभर लोकांचे पोट बिघडले आणि त्यांतले ऐंशी दूध पिणारे निघाले, तर दोष दुधाचा?"

"उलट दूधच बरं म्हणायचं," आबा तत्काळ म्हणाले. "दहाच जण असून वीस आजारी पडले ते गप्पावाल्यांतले." हिशेब न लिहिणाऱ्या आबांनी रीपची चूक एका घोटात पकडली.

मग त्यांनी नातवाकडे वळून विचारले, "पोरा, तुझ्या वहीत मिनिटं हाईत न्हवं? शेवटच्या अर्ध्या तासात किती वेळा हिसकावला त्यानं?"

भाच्याने बोट फिरवले. एकोणिसांपैकी सोळा पहिल्या तासातले. नंतरच्या अर्ध्या तासात फक्त तीन.

"मला वाटलंच. तासाभरानं त्याचं पाऊल आखूड पडाय लागलं हुतं. टाच टेकत नव्हती. रातपाळी करून आलाय त्यो फाउंड्रीतनं."

क्षणभर कुणी बोलले नाही. ज्याला काढायला सारे निघाले होते, तो तासभर सर्वांत चांगला खेळला होता, हे वहीने सांगितले. आणि नंतर तो का खेळला नाही, हे आबांच्या डोळ्यांनी. नुसत्या वहीवर विसंबले असते तर तो दमला हे कळले असते, पण कशाने ते नाही. नुसत्या डोळ्यांवर विसंबले असते तर आबांचे म्हणणे 'म्हाताऱ्याचा अंदाज' म्हणून दुधाबरोबर पिऊन टाकले असते.

दुसऱ्या दिवशी आबा आणि नातू दोघे मिळून संघाच्या प्रशिक्षकांकडे गेले. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात वही.

परवा बहिणीचा फोन आला. तो मुलगा संघात आहे. साठ मिनिटे खेळतो, मग बदली खेळाडू उतरतो. पुढचा सामना बरोबरीत सुटला, म्हणजे पेठेत दोन्ही बाजूंना बोलायला जागा उरली. भाच्याने मात्र वहीत एक नवा रकाना आखला आहे. त्यावर मथळा आहे : 'आबा म्हणाले'.