गोपाळचं बडोदं

पाहुणे आले की बडोद्याची मराठी घरं त्यांना शहर दाखवायला निघतात. क्रम ठरलेला असतो. लक्ष्मीविलास पॅलेस, कमाटीबाग, म्युझियम, सुरसागर, आणि शेवटी शेव-उसळ. पाहुण्यांच्या लक्षात बहुतेक वेळा शेव-उसळच राहते, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

आमच्या घरची फेरी मात्र गेली दोन-तीन वर्षं काळ्या घोड्यापासून सुरू होते. कमाटीबागेजवळच्या चौकातला सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा म्हणजे काळा घोडा. बडोद्याला येऊन चार दिवस झालेला रिक्षावालासुद्धा त्याला दुसरं नाव देत नाही. आमची सहा वर्षांची लेक घोड्याकडे फारसं बघत नाही. तिचं लक्ष वर बसलेल्या माणसाकडे असतं. त्याला ती महाराज म्हणत नाही, "आपला गोपाळ" म्हणते.

तिचं म्हणणं इतिहासाला धरून आहे. महाराजांचं जन्मनाव गोपाळच. नाशिक जिल्ह्यात मालेगावकडच्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी, गायकवाडांच्याच एका दूरच्या, शेतीवाडी करणाऱ्या शाखेत त्यांचा जन्म झाला. बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ साली गादीवरून काढलं, आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणीला, जमनाबाईंना, दत्तक घ्यायची मुभा दिली. कवळाण्याहून काशीराव गायकवाड आपली तीन मुलं घेऊन आले. आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. कशाला आलात, असं मुलांना विचारल्यावर बारा वर्षांच्या गोपाळनं "राज्य करायला" असं उत्तर दिलं, अशी गोष्ट बडोद्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

आमची लेकही दत्तक आहे. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आपली गोष्ट कुणाला किती सांगायची हे मोठी झाल्यावर तिनंच ठरवावं, असं आम्हा दोघांना वाटतं. मी लिहितोय ती आमची, आईबापांची बाजू.

आम्ही २०१९ साली सरकारी संकेतस्थळावर नोंदणी केली. घरी येऊन चौकशी झाली, आमचे पगार, तब्येती, स्वभाव, सगळं कागदावर आलं. मग यादीतला क्रमांक सरकायची वाट बघणं सुरू झालं. माझं काम सॉफ्टवेअरचं, दिवसभर लोकांसाठी असल्याच साइट बनवायच्या, त्यामुळे पान पुन्हा उघडल्यानं क्रमांक पुढे सरकत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तरी रोज रात्री उघडायचो. साडेतीन वर्षांनी, २०२३ च्या सुरुवातीला, एका दुपारी एक फोटो आणि वैद्यकीय अहवाल आला. हो किंवा नाही सांगायला अठ्ठेचाळीस तास असतात. बायकोनं फोटो बघितला आणि अहवाल उघडायच्या आधी म्हणाली, "हिचे केस कुणीतरी छान विंचरलेत." आमचं तिथेच ठरलं. पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला, आमची नावं असलेला जन्मदाखला आला.

ती आली तेव्हा अडीच वर्षांची होती आणि फक्त गुजराती बोलायची. संस्थेत सांभाळणाऱ्या बायकांना मुलं 'बेन' म्हणायची, म्हणून पहिले दोन महिने माझ्या बायकोलाही ती 'बेन'च म्हणायची. बायकोनं एकदाही दुरुस्त केलं नाही. रात्री उशाशी सँडल घेऊन झोपायची आणि मध्येच उठून म्हणायची, "मारे घेर जवुं छे." मला घरी जायचंय. आम्ही दिवा लावून तिच्याजवळ बसायचो. हेच तुझं घर, असं तेव्हा म्हणालो नाही. तिला ज्या घराची आठवण येत होती ते खरंच होतं, तिथे तिची माणसं होती. एका सकाळी सँडल दाराजवळच्या रॅकमध्ये बायकोच्या चपलांशेजारी दिसल्या. ठेवल्या कुणी, हे आम्ही विचारलं नाही.

दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी वस्तीत आमचं घर आहे. या गल्ल्यांत सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं. त्याचा जाच होतो आणि सोयही होते. मूल दत्तक आहे हे लपवायचा प्रश्नच आला नाही. प्रश्न आले ते वेगळे. "कुणाची म्हणे?" "स्वभाव कुणावर जाईल?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "तिला सांगितलंत का? सांगू नका हो." कौतुक करणारे यशोदेचं नाव घेतात आणि काळजी करणारे कर्णाचं. मला वाटतं, कर्णाची गोष्ट लोक अर्धीच लक्षात ठेवतात. कुंती समोर येऊन उभी राहिल्यावरही तो राधेचाच मुलगा राहिला. त्याचं दुःख अधिरथ आणि राधा यांच्यामुळे नव्हतं, भर सभेत कूळ विचारणाऱ्यांमुळे होतं.

कूळ आमच्याकडेही निघालं. आम्ही कोकणस्थ, घरात मंगलकार्यानंतर बोडण भरायची रीत. चुलत भावाच्या लग्नानंतर बोडण आमच्या घरी ठरलं. लेक येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. सवाष्णी ठरल्या, कुमारिका कोण यावर बोलणं सुरू झालं. एका नातेवाईक बाईंनी हळूच सुचवलं की शेजारची मुलगी बोलवू, हिचं गोत्र ठाऊक नाही. माझी आई पुरण वाटत होती. वर न बघता म्हणाली, "गोत्र आमचं. कुमारिका घरात असताना बाहेर कशाला शोधायची?" विषय तिथे संपला. ज्या आईनं आमच्या नोंदणीच्या वेळी मला दोन महिने "नीट विचार करा रे" म्हणून भंडावलं होतं, तीच ही आई.

बोडण कालवताना पुरुषांनी बघायचं नसतं, म्हणून मी आणि भाऊ बंद दाराबाहेर. आत परातीत देवी, त्यावर पुरण, दूध, दही, तूप, मध, साखर. अजून काय हवं, हे कुमारिकेला विचारत घालत जायचं अशी आमच्याकडची पद्धत. आतून आईचा आवाज आला, "काय हवं गं देवीला?" क्षणभर शांतता. मग आमच्या देवीचा खणखणीत गुजराती हुकूम आला, "हजी खांड!" अजून साखर. बायका हसल्या, मग पुन्हा विचारलं, पुन्हा "हजी खांड!" त्या दिवशीचं बोडण इतकं गोड झालं असेल की कुलदेवतेनं पाणी मागितलं असेल. आमच्या घरात तेव्हापासून कशाचाही आग्रह करायचा झाला की "हजी खांड" म्हणतात. भावाची नवी बायको पुण्याची आहे, तीही म्हणते.

रविवारच्या फेरीकडे परत येतो. काळ्या घोड्याजवळचा विश्वामित्रीचा पूल हा आमचा दुसरा थांबा. खाली मगरी. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत मगरी असतात याचं बाहेरच्यांना फार नवल वाटतं. आम्हाला ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यावर आलेल्याही माहीत आहेत. त्यानंतर कमाटीबाग. ही बाग महाराजांनी १८७९ मध्ये लोकांसाठी उघडली. तिथल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आला होता. इजिप्तची ममीही आहे, पण लेक तिच्याजवळ थांबत नाही, कपाळावर हात धरून पुढे पळते. मांडवीकडच्या सेंट्रल लायब्ररीत मात्र तासभर जातो. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून या शहरात सार्वजनिक वाचनालयाची घडी बसवली. पुस्तकांच्या मजल्यांवर जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून.

गोपाळ बडोद्यात आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. बाराव्या वर्षी त्यानं अक्षरं गिरवली. याच मुलानं पुढे १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, मुलींनासुद्धा. लेकीला यातलं फक्त एवढंच आवडतं की एवढा मोठा मुलगा 'अ' काढायला शिकत होता.

ही गोष्ट तिला सांगायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं, काम सोपं आहे. राजाही दत्तक, तूही दत्तक, झालं. पण जरा वाचल्यावर दिसलं की ती गोष्ट आपल्याला जशीच्या तशी बसत नाही. जमनाबाईंना खंडेरावांच्या मृत्यूनंतर झालेली स्वतःची मुलगी होती, ताराबाई. मुलीला गादी मिळत नव्हती, म्हणून मुलगा दत्तक. वंश चालवायला, पिंड द्यायला, मालमत्ता राखायला मुलगा घ्यायचा, हाच तेव्हाचा दत्तकाचा अर्थ. शास्त्राप्रमाणे मुलगी दत्तक घेताच येत नसे. हिंदूंना ती मुभा कायद्यानं दिली १९५६ साली. म्हणजे ज्या शहराचं सगळं वैभव एका दत्तक मुलानं उभं केलं, त्या शहरात माझ्या आजीच्या लहानपणी आमची लेक आमची होऊच शकली नसती. मला हे शहर फार आवडतं, म्हणून हेही लिहून ठेवतो.

बडोद्यात दत्तक हा शब्द कुजबुजायचा नाही, त्याचा पुतळा चौकात उभा आहे, हा आधार मात्र मोठा आहे. पहिलीत गेल्यावर शाळेनं 'जन्मापासून आजपर्यंत' असा फोटोंचा तक्ता करायला सांगितला. आमच्याकडे अडीच वर्षांच्या आधीचा एकही फोटो नाही. बायको वर्गशिक्षिकांना भेटली. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाचीच सूचना बदलली, 'तुमच्या आवडीचे चार जुने फोटो'. आमच्या लेकीनं पहिला फोटो लावला तो विंचरलेल्या केसांचा. वर्गात एकानं विचारलं, "तू बाळ नव्हतीस का?" तिनं सांगितलं, "होते. तेव्हा मी दुसरीकडे होते. गोपाळपण होता."

हा गोपाळ तिनं किती आत नेला होता ते मला गेल्या पावसाळ्यात कळलं. आम्ही काळ्या घोड्यापाशी उभे होतो, रिमझिम चालू होती. तिनं विचारलं, "बाबा, ते तिघं आले ना? मग बाकीचे दोघं परत गेले?" संपतराव बडोद्यातच राहिले आणि त्यांनी खूप पुस्तकं जमवली, असं सांगितल्यावर तिला बरं वाटलं. थोडा वेळ गप्प. मग, "आणि गोपाळची पहिली आई? ती रडली?"

जमनाबाईंबद्दल मी बरंच सांगू शकतो. कवळाण्याच्या आईचं, उमाबाईंचं, आपण नावापुढे काही सांगत नाही. आणि लेक त्यांच्याबद्दल विचारत नव्हती हे मला कळत होतं. मी खाली बसलो. "रडली असणार," म्हणालो.

"तरी पाठवलं?"

"हो. कधी कधी आईला सांभाळणं जमत नाही, कधी तिला वाटतं मुलाचं दुसरीकडे बरं होईल. आपल्याला सगळं कळत नाही. पण रडली असणार."

"माझी पण?"

"तुझी पण."

तिनं मान हलवली. मग छत्री बंद करून फिरवली आणि आम्हाला दोघांनाही भिजवलं. शेव-उसळ खाताना ती नेहमीसारखीच तर्री नको, शेव जास्त, असं भांडत होती. रात्री बायकोला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला रोज आठवण येते तिची. केस विंचरताना."

आता दिवाळीच्या सुट्टीत कवळाण्याला जायचं ठरलंय. सुरत, नवापूर, धुळे असा रस्ता मी नकाशावर काढून ठेवलाय. आईनं दशम्या करून देईन म्हटलंय. लेकीची बॅग आत्तापासून भरलेली आहे. तिच्यात वही, खडू आणि हट्टानं घ्यायला लावलेला लीलो चेवडो. तो गोपाळच्या पहिल्या आईसाठी आहे. ती आता नाही, दीडशे वर्षं झाली, हे मी समजावून सांगितलं.

"माहितीये," ती म्हणाली. "मग तिथे कुणीतरी आजी असेल ना, तिला देऊ."