तराजू कोणाच्या हाती? मिस वर्ल्ड, १९६६ आणि १९७० (थ्रेड)

१/ चिखली तालुक्यातील अमडापूर असो वा वऱ्हाडातील अन्य कोणतेही गाव, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. मुलीने पोह्यांच्या बश्या आणायच्या, समोर बसायचे, नाव-शिक्षण सांगायचे. निर्णय पाहुण्यांचा; नकाराचे खरे कारण तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. जगप्रसिद्ध सौंदर्यस्पर्धेचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचण्याजोगा आहे.

२/ १९५१ साली ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या निमित्ताने एरिक मॉर्ली यांनी लंडनमध्ये ही स्पर्धा भरवली. पहिली विजेती, स्वीडनची किकी हाकान्सन, हिला बिकिनीतच मुकुट घातला गेला आणि गदारोळ उठला. स्पर्धा आणि वाद ही जुळी भावंडेच ठरली.

३/ नोव्हेंबर १९६६. गोमंतकीय कुटुंबातील, मुंबईत जन्मलेली रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. ती ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी होती. त्याच वर्षाअखेरीस ती विनोदी अभिनेता बॉब होप याच्या चमूसोबत व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांच्या मनोरंजनासाठी गेली. अलिप्ततावादी भारतात त्यावर नाराजी उमटली. मुकुट व्यक्तीचा, पण हिशेब राष्ट्राचा!

४/ वर्ष संपताच तिने मॉडेलिंग आणि चित्रपटांकडे पाठ फिरवली, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण पुढे नेले आणि ती डॉक्टर झाली. परीक्षकांच्या निकालानंतरचा निर्णय तिचा स्वतःचा होता.

५/ २० नोव्हेंबर १९७०, रॉयल अल्बर्ट हॉल. व्यासपीठावर पुन्हा बॉब होप. स्त्रीमुक्तीवादी तरुणींनी पिठाच्या पुड्या फेकून कार्यक्रम थांबवला. त्याच वर्षी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून दोन स्पर्धक आल्या होत्या, एक गोरी आणि एक कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय पर्ल जान्सेन दुसरी आली. विजेती ठरली ग्रेनाडाची जेनिफर हॉस्टेन.

६/ वाद पेटला, कारण ग्रेनाडाचे प्रीमियर एरिक गेअरी परीक्षकांत होते. शिवाय स्वीडनच्या स्पर्धकाला चार परीक्षकांची पहिली पसंती होती, हॉस्टेनला केवळ दोघांची. मॉर्ली यांनी मतपत्रिका उघड केल्या. या पद्धतीत केवळ पहिल्या पसंतीवर निकाल ठरत नसे. खालच्या क्रमांकांची मतेही मोजली जात, आणि तेथे हॉस्टेन पुढे होती. नियम पाळला गेला होता. तरीही परीक्षक निवडताना झालेली चूक मतपत्रिकांनी पुसली गेली नाही.

७/ पीठ फेकणाऱ्या तरुणींचा आक्षेप मतमोजणीला नव्हताच. स्त्रीला तराजूत घालण्यालाच होता. दुसरीकडे, एका कृष्णवर्णीय स्त्रीला तो मुकुट मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. दोन्ही सत्ये एकाच रात्रीची आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांपैकी एकही सोडू नये. आणि पुढच्या वेळी पोह्यांची बशी हातात घेताना, समोर बसलेल्या मुलीच्या हाती तराजू कधी येतो, एवढे तरी पाहावे.