चिरंजीवांच्या सुधारणा

आमच्या भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांचा लौकिक आहे. त्यामुळे ठोकणे, वाकवणे आणि घासून लखलखीत करणे या गोष्टी इथल्या हवेतच असाव्यात. नाही तर चांगल्या चालत्या गाडीत सुधारणा करण्याची बुद्धी आमच्या चिरंजीवांना का व्हावी?

गाडी तशी कुटुंबवत्सल. चार दारे, मागे डिकी आणि पोटात टर्बो. टर्बो म्हणजे काय, हे चिरंजीवांनीच मला समजावले. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्री फिरवतो. त्याच दांड्यावरची दुसरी चक्री ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर! आल्फ्रेड ब्युशी नावाच्या स्विस इंजिनियराने १९०५ सालीच याचे पेटंट घेतले आणि १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने अशी मोटार घरगुती गिऱ्हाइकांना विकलीही. टाकाऊ धुराकडूनसुद्धा काम करून घ्यायचे, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना तो स्विस गृहस्थ एकदम आपल्यातलाच वाटला.

मे महिन्यात चिरंजीव पुण्याहून रजेवर आले ते एक खोके घेऊनच. हवेच्या फिल्टरची मूळ काळी पेटी काढून त्यांनी तिथे उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला.

"नुसते बोल्ट आवळायचे, बाबा!"

गाडी सूं-सूं करू लागली. शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही नागपूरला निघालो. साठेक किलोमीटरचा रस्ता. मौद्याजवळ गर्दीत अडकलो आणि पुढे रस्ता मोकळा झाला, तरी गाडी वरातीतल्या घोड्यासारखीच चालली!

परतल्यावर मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि हसले. "गुरुजी, ती पेटी बाहेरची थंड हवा आणे. हा भोंगा इंजिनाचीच गरम हवा पिऊन राहिला ना!"

गरम हवा विरळ असते. टर्बो ती दाबून आणखी तापवतो. मग इंजिन ठोकू नये म्हणून गाडीतला संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि जोर घटतो. सुदैवाने मूळ पेटी सौभाग्यवतींनी माळ्यावर जपून ठेवली होती.

चिरंजीव हटले नाहीत. आता मोठा इंटरकूलर, रुंद एक्झॉस्ट आणि संगणकात नवा हिशेब भरायचा बेत निघाला. मी पडलो निवृत्त मास्तर. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचून दाखवले. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितल्याचे ऐकवले. त्याच सालच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला, हेही सांगितले.

चिरंजीव खाली मान घालून पाना पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी आईला रात्री नागपूरच्या दवाखान्यात नेलंत, तेव्हा दोन तास लागले. मी पुण्यात फोन धरून बसलो होतो. गाडीत जरा जोर असता तर…"

मी गप्प झालो. त्या रात्रीची खरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. गाडीत जोर भरपूर होता. पण समोरच्या ट्रकांचे दिवे मला तडकलेल्या काचेतून पाहावेत तसे फुटून दिसत होते. म्हणून मी तिसाच्या वर नेलीच नाही.

ते मी त्याला त्या दिवशी सांगितले. त्याने पाना खाली ठेवला.

रजा संपण्यापूर्वी त्याने मला नागपूरला नेऊन मोतीबिंदू काढवला. डोळ्यात नवे भिंग बसले. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढा एकच सुटा भाग हवा होता!"

आता तो दिवाळीला येतो आहे. गाडी रात्री नागपूर स्टेशनवर येते. त्याला आणायला मीच जाणार आहे. दिवे आता दिवेच दिसतात.