धुळ्याहून मुंबई, व्हाया जळगाव

धुळे ते जळगाव नकाशावर सरळ रेघ मारली तर 83 किलोमीटरच्या आसपास भरते. हायवेने त्याहून दहाबारा जास्त. मध्ये घाट नाही, डोंगर नाही, खानदेशातलं सपाट रान. रस्ता वाकडा होणार तरी कशाला? रेल्वेने मात्र आधी चाळीसगाव गाठायचं आणि तिथे गाडी बदलायची. म्हणजे अंतर गेलं दीडशेच्या घरात.

धुळ्याला विमानांचं अप्रूप नाही. गोंदूरच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं आम्ही कायम बघतो. पण तिकीट काढून बसायचं विमान जळगावला. तिथे 23 डिसेंबर 2017 ला ‘उडान’ योजनेतली मुंबईची सेवा सुरू झाली, पुढे बंद पडली, परत सुरू झाली. मुलाने आमची दोन तिकिटं काढली. म्हणाला, “आईला एकदा बसवा विमानात.”

मुंबई आमच्या नैऋत्येला, आणि आम्ही पहाटे निघालो पूर्वेला! फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल. तिकीट फाडताना कंडक्टरने बॅगा बघून विचारलं, “कुठं निघाले काका?” मुंबईला म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे, एकदा बसच्या पाटीकडे पाहिलं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. जळगावला उतरून पुन्हा रिक्षा. विमानतळ गावाबाहेर, अजिंठ्याच्या रस्त्याला, कुसुंब्याजवळ.

विमान पंख्यांचं, एटीआर. पंख खिडकीच्या वर असल्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. उडताच चाक दुमडून पोटात गेलं ते हिने बघितलं आणि माझा हात धरला. खाली केळीचे गर्द हिरवे चौकोन, त्यांच्यामध्ये कोरडीठाक काळी रानं. चाळीसगावच्या आसपास आलो असू तेव्हा ही म्हणाली, “आपलं धुळं कुठं?” उजवीकडे बोट दाखवलं. धुरकट क्षितिजापलीकडे कुठेतरी. तासाभरात मुंबई.

हे विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जातं. धुळे-जळगाव म्हणजे त्याला दहा मिनिटांचं काम. आम्हाला एसटीने अडीच तास लागले. त्यात रिक्षा, विमानतळावर आधी पोचून बसणं, मुंबईतून बाहेर पडणं हे सगळं धरा. आग्रा रोडने थेट गेलो असतो तरी तेवढाच वेळ लागला असता, आणि पैसे वाचले असते ते वेगळेच. हिची हौस झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण धुळेकराला विमानापेक्षा रेल्वेची गरज जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत. बोरविहीर-नरडाणा मार्ग पूर्ण झाला की धुळं सुरत-भुसावळ लाइनला जोडलं जाईल आणि चाळीसगावचा वळसा न घालता अमळनेरवरून जळगाव गाठता येईल. विमानतळाची मागणी करणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनी आधी तेवढं तडीस न्यावं.