दोनचा डोस

जानेवारीतला तिसरा रविवार, म्हणजे मुंबई मॅरेथॉन. मी रात्री सव्वादोनचा गजर लावला होता, पण त्याआधीच स्वयंपाकघरात दिवा दिसला. आई उठली होती. बाबांना जाऊन चौदा महिने झाले, तरी दोनला तिचे डोळे उघडतातच. "जागीच आहे, तर चहा टाकते," एवढंच म्हणाली.

दोन ही बाबांच्या मॉर्फिनची वेळ. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, पुन्हा सहा, दहा आणि मग ही रात्रीची. कालनिर्णयच्या ज्या चौकोनांत आई दुधाचे खाडे लिहायची, त्यातच गोळ्यांच्या बारीक बारीक रेघा मारू लागली. गोळी मिळवणंही सोपं नव्हतं. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने डॉक्टर-केमिस्ट मॉर्फिनला इतके बिचकू लागले, की २०१४ साली तो बदलला तरी भीती पुरती गेली नाही. नाक्यावरच्या केमिस्टने तर चिठ्ठी दोन बोटांत धरून परत केली होती.

मग हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या आजारात सोबत करणारी, माणसं घरी येऊ लागली. पहिल्याच भेटीत सिस्टरने बाबांची नाडी पाहिली आणि नंतर बराच वेळ आईकडे पाहिलं. "काकू, तुम्ही शेवटच्या सलग कधी झोपलात?" आईला आठवेना. दोन दिवसांनी डॉक्टरांनी रात्री दहाची मात्रा दुप्पट केली आणि दोनची काढून टाकली. रुग्णाला सकाळपर्यंत आराम आणि घरच्यांना झोप, म्हणून असं करतात म्हणे. औषधाच्या हिशेबात आईची झोपसुद्धा कुणी धरली होती, याचंच मला राहून राहून नवल वाटत राहिलं. गुरुवारी सिस्टर दुपारी यायची आणि बाबांच्या उशाशी बसायची. "तुम्ही आडव्या व्हा. मी आहे चारपर्यंत." आई आतल्या खोलीत जायची आणि पदर तोंडावर घेऊन गाढ झोपायची.

या माणसांनी आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. म्हणून त्यांच्यासाठी देणग्या गोळा करत पळायचं ठरवलं. २१ किलोमीटर पळण्यापेक्षा पैसे मागणं अवघड, हे कुणी आधी सांगितलं नाही. "पळणार तू, आणि पैसे आम्ही द्यायचे?" असं धाकटे काका म्हणाले. मग सर्वांत मोठी रक्कम त्यांचीच आली, निरोपाशिवाय. ज्यांच्या घरी असं आजारपण होऊन गेलेलं, त्यांना मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

छातीवरच्या नंबराला चार सेफ्टी पिना. शेवटच्या दोन लागेनात, कारण बोटं गारठलेली. आईने त्या तोंडात धरून एकेक लावून दिली, शाळेच्या गॅदरिंगला लावायची तशी.

सी लिंकवर अजून अंधार होता. हजारो बुटांचा आवाज, बोलणं कुणाचंच नाही. मागे वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीच्या बाजूला दिवे होते. तिथेच १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्या दिव्यांतला एखादा तिथलाही असेल. कुणीतरी जागं असेल. माझा वेग तिथे जरा मंदावला, त्यात दम लागण्याचाही भाग होता, खोटं कशाला बोला.

पेडर रोडच्या चढाला पायांनी असहकार पुकारला. फुटपाथवर बायका-मुलं संत्र्याच्या फोडी, चिक्की घेऊन उभी. एका आजींनी फोड माझ्या हातात न देता सरळ तोंडातच घातली. बिया काढलेल्या होत्या. शेवटी शेवटी बाबांनाही आई अशाच फोडी द्यायची, बिया काढून, पापुद्रा सोलून. मी चालू लागलो. रडू आलं ते घामात खपून गेलं. चढ संपला तसा पुन्हा पळालो.

घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. बेल न वाजवता किल्लीने दार उघडलं. आई बाबांच्या कॉटवर झोपली होती, पदर तोंडावर. पंखा एकवर. गुडघा वाकेना, म्हणून बूट काढायला उंबऱ्यातच बसलो. गळ्यातलं पदक बटणावर आपटून वाजलं, ते पटकन मुठीत धरलं.